बसल्याजागी सांगा

स्टुलाला कुणी काही विचारत नाही, म्हणून मीच आपणहून बोलतो. डॉक्टरांच्या टेबलाला लागून, त्यांच्या उजव्या हाताशी, एक गोल, फिरतं, काळ्या रेक्झिनचं स्टूल असतं ना? ते स्टूल म्हणजे मी. तुम्ही माझ्यावर किंवा माझ्या एखाद्या भावावर कधीतरी बसला असालच. माझ्याशी बोलला मात्र नसाल. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्यावर बसल्यावर माणसं डॉक्टरांशीसुद्धा धड बोलत नाहीत, तिथे माझी काय कथा!

डॉक्टर माणसाचं तोंड बघतात, जीभ बघतात, डोळ्याची पापणी खाली ओढून बघतात. माझ्या वाट्याला माणसाची उलटी बाजू येते. पण खरं सांगतो, तोंड खोटं बोलतं, बैठक बोलत नाही. "काही नाही हो, सहज आलो होतो," असं म्हणणारा माणूस माझ्यावर कसा बसलाय ते मला कळतं. निर्धास्त माणूस जड बसतो. घाबरलेला माणूस अर्धाच बसतो, आणि उरलेलं अर्धं वजन घरी जायच्या तयारीत ठेवतो.

माझा जन्म एका गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. आत एक लेथ मशीन, एक वेल्डिंगचा संच, आणि कोपऱ्यात तेलकट बादली. ज्याने मला घडवलं तो लेथवरचा टर्नर तेव्हा विशी-पंचविशीचा असेल. लोखंडाशी त्याचं छान जमायचं, कारण लोखंड प्रश्न विचारत नाही. माझ्या मधल्या दांड्यावर त्याने आटे पाडले तेव्हा मोजपट्टी बाजूला ठेवून नुसतं बोट फिरवलं आणि मान हलवली. केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळायचा. शेडचा मालक म्हणायचा, "याच्या हाताला डोळे आहेत, देव तोंड तेवढं द्यायला विसरलाय."

मला घ्यायला डॉक्टरांचा कंपाउंडर आला तो घाईतच. दवाखाना दुसऱ्या दिवशी उघडायचा होता. माझ्या बैठकीखाली एक लोखंडी चकती आहे, तिच्या कडेला एका जागी थोडी धार राहिली होती. कानशीचे दोन हात मारले असते की गेली असती. टर्नरने कानस उचललीही. "जरा एक..." एवढं तो म्हणाला, पण ते त्याच्या घशातच राहिलं. तोवर कंपाउंडरने मला उचलून सायकलच्या मागे बांधलंसुद्धा. टर्नर कानस हातात धरून दारात उभा राहिला. अशा तऱ्हेने मी एक धार अंगावर घेऊन संसाराला लागलो.

त्या धारेचीच ही गोष्ट आहे. तिच्यापायी एका माणसाचे हात जाता जाता कसे राहिले, ते मला सांगायचंय.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक लांब बाक, आत आम्ही. बाक माझा जुना सोबती. केर काढताना कंपाउंडर मला बाकावर उलटं ठेवतो, तेवढ्यात बाहेरच्या बातम्या मला कळतात. आतल्या मी त्याला सांगतो. रोग्यांची गुपितं बाहेर फोडू नयेत हे मला ठाऊक आहे, पण बाक कुठे जाऊन सांगणार?

आमचे डॉक्टर भला माणूस. हाताला गुण आहे, मनाने मऊ आहेत. फक्त बाहेर पंचवीस माणसं बसली की त्यांच्या पेनाला पाय फुटतात. रोगी "मला ना..." म्हणेपर्यंत अर्धी चिठ्ठी लिहून झालेली असते. आणि आणखी एक खोड. ती त्यांची त्यांना कळलेली नव्हती, मला कळली होती. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे, आणि अठरा वर्षं मला दुसरं काही काम नाही.

हेडमास्तर आले की डॉक्टर अर्धे उठायचे. "या सर, बसा सर." हेडमास्तर रिटायर होऊन काळ लोटला, पण दवाखान्यात ते वही घेऊन यायचे. वहीत तक्रारी नंबर घालून, खाली रेघ मारून. "मुद्दा पहिला, गुडघा." मग गुडघ्याचे पोटमुद्दे. डॉक्टर पेन ठेवून ऐकायचे. नऊ मिनिटं. एकदा अकरा. आणि एवढं होऊन, वही मिटून, दाराच्या कडीला हात लावल्यावर हेडमास्तर वळून हळूच म्हणायचे, "बाकी... लघवीला जरा जळजळतं, ते काही विशेष नसेल ना?" म्हणजे आले होते त्यासाठीच. वहीत ते लिहायचा धीर झाला नव्हता.

ही कडीची गंमत मी शेकडोंदा पाहिली आहे. माणूस माझ्यावर बसून सर्दीबद्दल बोलतो आणि कडीला हात लावून छातीबद्दल. कडीत असं काय आहे, मला अजून उमगलेलं नाही. पितळेचीही नाही ती.

भाजीवाल्या मावशींचं उलटं. त्या बसायच्या तेव्हा माझे चारही पाय एकदम "आलो बाई" म्हणायचे. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या की त्या म्हणायच्या, "काही कळलं नाही. परत सांगा." डॉक्टर परत सांगायचे. "अजून एकदा. आता मी वांगी विकते तसं सांगा, सावकाश." डॉक्टरांना हसू यायचं आणि हसता हसता ते सगळं नीट सांगून जायचे. त्यांनाही सहा-सात मिनिटं मिळायची. मागून घेतलेली, पण मिळायची. शिवाय त्या दर खेपेला काहीतरी विसरायच्या, पिशवी, छत्री, चष्मा, आणि ते न्यायला परत आल्या की आणखी एक प्रश्न विचारून जायच्या.

आणि आमच्या टर्नरला? दोन मिनिटं. त्यातली पावणेदोन मिनिटं आक्कांची.

आक्का म्हणजे टर्नरची थोरली बहीण. नऊ वर्षांनी मोठी. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं. लहानपणी शाळेत गुरुजींनी विचारलं तर वर्गाबाहेरून आक्का उत्तर द्यायची, असं त्या स्वतःच कौतुकाने सांगायच्या. आता त्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या, तरी तो दवाखान्यात आला की बरोबर आक्का. तो माझ्यावर बसायचा, त्या शेजारी उभ्या राहायच्या. डॉक्टर टर्नरकडे बघून "काय रे, काय होतंय?" म्हणायचे आणि उत्तरासाठी मान आक्कांकडे वळवायचे. दोघांना ते इतकं सवयीचं झालं होतं की एकदा आक्कांनी सांगितलेल्या खोकल्यासाठी डॉक्टरांनी आक्कांचीच छाती तपासायला नळी उचलली होती. आक्का एकदम दोन पावलं मागे सरल्या. "मला काही होत नाही हो, तपासायचं ते त्याला तपासा." ही एक गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा.

टर्नर माझ्यावर बसला की मला बरं वाटायचं. बाप तो माझा. बसल्या बसल्या तो उजवा हात हळूच बैठकीखाली घालायचा, चकतीवरून बोट फिरवायचा, आणि त्या धारेवर आला की बोट टोचून चटकन मागे घ्यायचा. मग ओशाळून स्वतःशीच हसायचा. पुढे पुढे तर तो शर्टाच्या खिशात बारीक कानस घेऊन यायला लागला. पण "डॉक्टर, तुमचं स्टूल जरा उलटं करू का?" हे वाक्य काही त्याच्या तोंडून निघेना. कानस खिशातच राहायची, बोट टोचायचं, आम्ही दोघं आपापल्या जागी.

सहा वर्षांपूर्वी आक्का म्हणाल्या, "याला पित्त झालंय." डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी आक्का म्हणाल्या, "गोळ्या संपल्या." डॉक्टरांनी आणखी दिल्या. त्या संपल्या, आणखी दिल्या. पित्ताचं काय झालं, हे डॉक्टरांनी आक्कांना विचारलं, आक्का म्हणाल्या, "घेतोय नेमाने." आणि पित्त ज्याचं होतं तो माझ्यावर बसून भिंतीवरचं घड्याळ बघत होता.

मग गेल्या वर्षी एक गोष्ट झाली, तिला सगळे हसले. मीही हसलो, त्याची आता लाज वाटते. टर्नर तपासून घेऊन बाहेर गेला आणि त्याची एक चप्पल माझ्या पायाशीच राहिली. गल्लीच्या टोकापर्यंत तो एका पायात चप्पल घालून चालत गेला, आणि त्याला पत्ताच नाही. मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बाई बाई, मी छत्री विसरते, यांनी तर पायच विसरला." आक्का चप्पल न्यायला परत आल्या आणि डॉक्टरांसमोर कपाळाला हात लावला. कशात म्हणून लक्ष नसतं याचं. डॉक्टरही हसत "बाहेर कोण आहे, पाठवा" म्हणाले.

त्याच सुमाराला माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. टर्नरचं बोट धारेवरून जायचं आणि मागे येत नव्हतं. आधी मला वाटलं, सवय झाली असेल. पण तो परत परत तीच जागा चाचपायचा, अंधारात किल्ली शोधावी तसा. हसायचाही नाही आता. आणि फिरायला लागला. सांगितलं नाही का तुम्हाला? मनात काही अडकलं की माणसं माझ्यावर डावी-उजवीकडे फिरतात. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. ज्यांचं बोलून होतं ती स्थिर बसतात. टर्नर त्या दिवशी इतका फिरला, आणि एका बाजूला जास्तच, की आटे चढून मी बोटभर उंच झालो.

बाकाने मला पुढची हकीकत सांगितली. त्यानंतरच्या खेपेला टर्नर बाकावर बसून तोंडातल्या तोंडात पाठ करत होता. "डॉक्टर, माझ्या हातांना मुंग्या येतात. बोटांना काही कळत नाही." एकदा, दोनदा, दहादा. आक्का शेजारणीशी बोलण्यात गुंतल्या होत्या. बाक म्हणाला, "अरे, याने एवढं पाठ केलंय की आता मलासुद्धा येतं."

आत आला तेव्हा त्याची बैठक वेगळी होती. पूर्ण बसला. हात मांडीवर ठेवले. डॉक्टर म्हणाले, "काय रे?" आणि टर्नरने तोंड उघडलं.

डॉक्टरांनी त्यात थर्मामीटर घातला.

त्यांची काही चूक नाही. समोर तोंड उघडलं की थर्मामीटर घालायचा, ही त्यांच्या हाताची सवय. पण टर्नर तोंड मिटून बसला आणि आक्का सुरू झाल्या. पित्ताच्या गोळ्या संपल्या आहेत. आणि डॉक्टर, याला जरा रागवा. परवा मशीनवर बोटाला चांगलं कापलं, रक्त कपड्यावर पडलं तेव्हा याला कळलं. मालक म्हणालाय, लक्ष नसेल तर उद्या बोटावर नाही भागायचं, पंजा जाईल. दोन नग माप चुकून फुकट घालवले याने, आजवर कधी चुकला नव्हता. आणखी एक चुकला तर मशीनवरून काढून माल मोजायला बसवणार आहेत.

डॉक्टरांनी थर्मामीटर काढून बघितला. ताप नव्हता. "कामात लक्ष देत जा रे," ते म्हणाले आणि पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. टर्नर उठला. दाराशी गेला. कडीला हात लावून वळला. मला वाटलं, आता! "डॉक्टर, ते..." एवढं आलं. डॉक्टर पुढच्या माणसाचा कागद काढत म्हणाले, "पाणी भरपूर पी."

मी लोखंडाचा आहे, पण त्या दिवशी मला माझ्या चारही पायांची चीड आली. चार पाय असून त्याच्या मागे जाता येत नाही.

पुढची खेप महिन्याने. आधी मावशींचा नंबर होता. त्यांनी आपल्या गोळ्या तीनदा समजावून घेतल्या आणि गेल्या. मग टर्नर आणि आक्का. या वेळी तो अर्धाच बसला. माणसाने आशा सोडली की वजन कमी होतं, हे मी वजनकाट्यालाही पटवून देईन.

आक्का बोलत होत्या, डॉक्टर लिहीत होते. टर्नरचा हात खाली आला. बोट चकतीवर टेकलं, धारेवर आलं. टोचलं नाही. त्याने जरा दाबलं. तरी नाही. मग तो जोर लावून बोट पुढे-मागे घासायला लागला. जणू माझ्याकडून एकदा तरी टोचून घ्यायचंच होतं त्याला. मी ओरडलो हो. माझ्याजवळ एक करकर तेवढी आहे, ती मी जीव तोडून केली. डॉक्टर न बघता म्हणाले, "कंपाउंडर, या स्टुलाला तेल घाला."

आणि तेवढ्यात मावशी पिशवी विसरली म्हणून परत आल्या. पिशवी माझ्या मागेच होती. त्या वाकल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो डॉक्टर, तुमच्या स्टुलातून रक्त येतंय."

अठरा वर्षांत माझ्या प्रकृतीची कुणी दखल घेतली ती ही एवढीच. डॉक्टर उठले. खाली फरशीवर चार-पाच थेंब पडले होते. त्यांनी टर्नरचा हात वर घेतला. बोटाचं टोक चांगलंच फाटलं होतं. टर्नर त्या बोटाकडे असं बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे आणि त्याच्याकडे ठेवायला दिलंय.

"दुखत नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्याचं लक्षच..." आक्का म्हणाल्या.

"आक्का," मावशी म्हणाल्या, "बोट त्यांचं आहे ना? मग त्यांना बोलू द्या की."

कंपाउंडरने बोटाला कापूस दाबून धरला. आणि डॉक्टरांनी एक गोष्ट केली, जी मी त्यांना फक्त हेडमास्तरांसमोर करताना पाहिली होती. पेनाचं टोपण लावलं. पेन टेबलावर ठेवलं. खुर्ची माझ्याकडे ओढली आणि गप्प बसून राहिले. घड्याळाचा काटा फिरत होता. बाहेर कुणीतरी खोकलं, मुद्दाम. डॉक्टर हलले नाहीत. टर्नर एकदा डावीकडे फिरला, एकदा उजवीकडे, मग थांबला.

"दुखत नाही," तो म्हणाला. "तेच सांगायचं होतं."

"कधीपासून होतंय तुम्हाला?" डॉक्टरांनी त्याला 'तुम्ही' म्हटलं, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसावं.

"वर्ष होत आलं."

"अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

टर्नरने प्रश्नाचा नीट विचार केला. खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती. "तुम्ही थर्मामीटर लावला होता," तो म्हणाला.

मावशींनी तोंडाला हात लावला. कंपाउंडर छताकडे बघायला लागला. डॉक्टरांचा चेहरा मला खालून दिसतो, तो आधी हसण्याच्या बेतात आला आणि मग नाही हसला.

त्या दिवशी टर्नरला सव्वीस मिनिटं मिळाली. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगून कापूस फिरवला, टाचणी टेकवली, पायाची बोटं वर-खाली करून विचारलं, कुठे आहे बोट, वर की खाली. पायाचंही त्याला नीट सांगता येईना. मग डॉक्टरांना ती चप्पल आठवली. मला दिसलं ते आठवताना, त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं त्यावर.

पित्त कसं आहे, असं त्यांनी विचारलं, पहिल्यांदाच ज्याचं त्याला.

"पित्त गेलं."

"कधी?"

"पहिल्या पंधरा दिवसांतच."

"मग सहा वर्षं गोळ्या कशाला घेत होता?"

"तुम्ही देत होता," टर्नर म्हणाला. "म्हटलं, लागत असतील."

डॉक्टरांनी आक्कांकडे बघितलं, आक्कांनी डॉक्टरांकडे. दोघांनाही बोलायला काही उरलं नव्हतं, आणि आक्कांच्या बाबतीत ही बातमी होती. मग डॉक्टरांनी समजावलं की या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काही जणांना अन्नातलं एक जीवनसत्त्व अंगी लागेनासं होतं, आणि ते कमी पडलं की हातापायांच्या नसा अशा मुक्या होतात. रक्त तपासून बघू. तसंच निघालं तर इंजेक्शनं घ्यावी लागतील, काही महिने. सगळं पहिल्यासारखं होईल असा शब्द देत नाही. पण वेळ गेलेली नाही. तोवर मशीनला हात लावायचा नाही, मालकाला मी चिठ्ठी देतो.

आक्का तपासायच्या पलंगाच्या कडेला टेकल्या होत्या. हलक्या आवाजात त्या भावाला म्हणाल्या, "मला वाटायचं, मी बोलते तेवढा तुझा त्रास वाचतोय. मी नसते तर बोलला असतास का रे?"

"माहीत नाही, आक्का," तो म्हणाला. "तू नाहीस असं कधी झालंच नाही ना."

यात बोल होता की माया, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आक्कांनाही ठरवता आलं नसावं, कारण त्या रडल्या आणि हसल्याही.

ते गेल्यावर कंपाउंडरने माझ्या धारेवर चिकटपट्टीची जाड घडी लावली. दुसऱ्याकडून कानस मारून घेऊ का, असं त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, नको, ज्याने केलंय तोच येऊन करेल. अशा तऱ्हेने मीही पट्टी बांधून रोगी झालो आणि त्याच्या हाताची वाट बघत बसलो.

तपासणीत तेच निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. टर्नर शेडच्या दाराशी बसून माल मोजायचा, आणि म्हणे मशीनचा आवाज बदलला की आतल्या नव्या माणसाला लांबूनच बोटाने खूण करायचा.

इकडे डॉक्टरांनी दवाखान्याची रीत बदलली. थर्मामीटर आता कंपाउंडर बाहेर बाकावरच लावतो, म्हणजे आत येईपर्यंत तोंडं मोकळी होतात. प्रत्येकाला शेवटी विचारायचं, "आणखी काही सांगायचं राहिलंय का?" असंही डॉक्टरांनी ठरवलं. पहिल्याच दिवशी हेडमास्तर आले. "तसं विचारलंत म्हणून," असं म्हणून त्यांनी वहीचं दुसरं पान उलटलं. चौतीस मिनिटं! बाहेर लोकांनी दार वाजवलं. दोन-चार दिवस डॉक्टर तो प्रश्न अगदी दबकत विचारत. पण सोडला नाही त्यांनी. आणि जे लोक आजवर दोन मिनिटांत उठायचे, ते तीन मिनिटं बसायला लागले. एवढ्या एका मिनिटात काय काय निघालं ते मी सांगणार नाही. ते फक्त मला, डॉक्टरांना आणि बाकाला माहीत आहे.

आठ महिने गेले. एके दिवशी दार उघडलं आणि टर्नर आत आला. दार मागे बंद झालं. आक्का आत आल्याच नाहीत. नंतर बाकाने सांगितलं, त्या बाहेर ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या, आणि कुणी बोलायला आलं तर नुसती मान हलवत होत्या.

तो माझ्यावर बसला. पूर्ण बसला. त्याने हात खाली घातला, माझी पट्टी हलकेच सोडवली आणि चकतीवरून बोट फिरवलं. मी श्वास रोखला. स्टुलाला श्वास नसतो, पण रोखला. बोट धारेवर आलं.

चटकन मागे गेलं.

"टोचतंय," तो म्हणाला. आणि मग डॉक्टरांना ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्याने, "डॉक्टर, टोचतंय."

एखाद्याला काही टोचलं म्हणून दोन मोठी माणसं इतकी खूश झालेली मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. करंगळी अजून थोडी बधिर आहे, टर्नरने आपणहून सांगितलं. डाव्या पायाचा तळवाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग टर्नरने खिशातून कानस काढली आणि अठरा वर्षं घशात अडकलेलं वाक्य एकदाचं बाहेर आलं. "तुमचं स्टूल जरा उलटं करू का?"

डॉक्टरांनी स्वतः मला उलटं धरलं. टर्नरने कानशीचे दोन हात मारले, बोट फिरवलं, मान हलवली, आणखी एक हात मारला. झालं. मला क्षणभर चुकल्यासारखं वाटलं. पण लेकराने बापाला कितीदा टोचावं, यालाही सीमा आहे.

मला सरळ ठेवलं. आणखी काही राहिलंय का, डॉक्टरांनी विचारलं. टर्नर "नाही" म्हणाला, उठला, दाराशी गेला, कडीला हात लावला. आणि थबकला. मी मनात म्हटलं, हाही त्यातलाच. पण तो मागे फिरला, परत माझ्याजवळ आला आणि नीट बसला.

"एक राहिलं," तो म्हणाला. "आक्काला जिना चढताना दम लागतो. मधल्या पायरीवर थांबते आणि मला सांगते, पदर अडकला. ती स्वतःहून सांगायची नाही. तिला आत बोलावू का?"

"बोलवा," डॉक्टर म्हणाले. "पण बोलू द्या त्यांनाच."

टर्नर हसला. उठून त्याने आक्कांना आत आणलं आणि स्वतः त्यांच्या जागी, शेजारी उभा राहिला. आक्का माझ्यावर बसल्या. अठरा वर्षं मी त्यांचा आवाज ऐकत होतो, वजन आज पहिल्यांदा कळलं. अर्धंच. उरलेलं अर्धं बाहेर पळायच्या बेतात.

"मला काही नाही हो," आक्का म्हणाल्या. अख्ख्या गल्लीचे आजार तोंडपाठ असलेली बाई, एवढं बोलून गप्प झाली. मग अर्धा फेरा डावीकडे, अर्धा उजवीकडे. त्यांचा हात नकळत माझ्याखाली आला आणि धरायला काही मिळतं का ते शोधत चकतीवरून फिरला. कड गुळगुळीत होती. आताच केलेली, अजून कानशीने कोमट.

टर्नरने तोंड उघडलं आणि मिटलं. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. बाहेर कुणीतरी खोकलं. कुणी हललं नाही.

आता मी म्हातारा झालोय. रेक्झिन तिसऱ्यांदा फाटलंय, एक पाय जरा आखूड झालाय, करकर तर जन्माची सोबतीण. एक दिवस कंपाउंडर मला माळ्यावर टाकेल आणि इथे पाठ टेकायची खुर्ची येईल. येऊ दे. तोवर माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर बसाल तेव्हा पूर्ण बसा, मला भार होत नाही. आणि कडीला हात लावून जे सांगणार आहात, ते आधी इथे, बसल्याजागी सांगा.

कारण आक्कांनीही शेवटी इथेच सांगितलं. खूप वेळ लागला. पण त्या स्थिर बसल्या, पूर्ण वजन टाकलं, आणि म्हणाल्या, "तसं नाही म्हणायला..."

डॉक्टर थांबले होते.